हवामान परिषद, मुक्काम पोस्ट ओतूर

किस्से कुणी जमवत नाही, ते साठतात. आमच्या ओतूरच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं साठतात तसे. एक दिवस कुणीतरी दार उघडतं आणि सगळा गठ्ठा अंगावर येतो!

माझ्या बाबतीत ते दार एका लग्नाच्या पंगतीत उघडलं. शेजारच्या पाहुण्यांनी सहज विचारलं, "काय सर, रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो?" मी एक किस्सा सांगितला. मग दुसरा. मठ्ठा येऊन गेला तरी आमच्या रांगेतलं कुणी उठेना आणि वाढपी खोळंबले. घरी आल्यावर नेहमीची धास्ती वाटली. बायकोला विचारलं, "मी जरा जास्त बोललो का गं?"

"जास्तच बोललात," ती म्हणाली. "आता लिहून टाका. म्हणजे लोकांना जेवता येईल."

म्हणून लिहितो.

मी पुण्यात पत्रकारिता शिकवायचो. हवामानबदलावर वाटाघाटी करायला जगातले देश दरवर्षी एका ठिकाणी जमतात. बैठक एकच असते, पण तिची बातमी लंडनला एक असते, दिल्लीला दुसरी आणि आखातात तिसरीच. ही बातमी कोणता देश कशी रंगवतो, यावर माझा प्रबंध आहे. तो मोजक्याच लोकांनी वाचला. त्यातले बहुतेक परीक्षक होते, म्हणजे त्यांना सुटका नव्हती.

निवृत्तीनंतर ओतूरला आलो आणि वाचनालयाच्या मोठ्या हॉलमध्ये सकाळचा एक कट्टा सुरू झाला. मी देशोदेशीची वर्तमानपत्रं इंटरनेटवरून उतरवून आणायची, मराठीत वाचून दाखवायची आणि बाकीच्यांनी मला मधेमधे अडवायचं. अडवणारे तिघं. बबनराव पिंपळवंडीचे, बैलगाडा शर्यतीत माईकवरून पुकारा करणारे निवेदक. शर्यतीच्या चढाला ते घाट म्हणतात, गाड्याच्या एका धावेला बारी आणि जिंकणाऱ्याला घाटाचा राजा. मिलिंद बोरी बुद्रुकचा, त्याचं ओतूरला फ्लेक्स छपाईचं दुकान. आणि अनुसयाबाई. त्यांचं गाव वर डोंगरात. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाल्या आणि आता मुलाकडे ओतूरला असतात. भाताच्या दिवसांत मात्र वर जातात.

चौथे तात्या. ते कट्ट्यात नाहीत, कट्ट्याच्या वर आहेत. कांद्याचे आडतदार आणि वाचनालयाचे अध्यक्ष.

यंदा परिषद ब्राझीलमध्ये भरली आणि त्याच आठवड्यात तात्या दारात येऊन उभे राहिले.

"प्रोफेसर, स्पर्धा परीक्षेची पोरं तक्रार करत्यात. तुमच्या आवाजानं त्यांचा अभ्यास होत नाय. तुमची ती परिषद संपस्तोवर वाचा. संपली की हा हॉल अभ्यासिकेला. कट्टा बंद."

पोरांचं बरोबर होतं, हीच माझी पंचाईत. मी म्हटलं, "तात्यांचं चुकत नाही. बंदच करू या. तसंही माझं वाचन कुणाला..."

अनुसयाबाईंनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "आन् मी कुटं जाऊ? घरी टीव्ही हाय, पर त्याला काय इचारलं तर उत्तर देत न्हाई."

*

परिषदेची पहिली बातमी आली तेव्हा मी रीतसर सुरुवात केली. "उद्घाटनाच्या सत्रात विकसनशील राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी अर्थसाहाय्याच्या मुद्द्यावर..."

तेवढ्यात मिलिंदने मोबाईल काढला. बबनरावांनी डोळे मिटले.

"सर," ते डोळे न उघडता म्हणाले, "बारी सुटली, का अजून बैल जुपायचंच चाललंय?"

"म्हणजे?"

"आवो, कोण फुडं, कोण मागं, कायच कळंना! आणा इकडं."

कागद माझ्या हातातून गेला. बबनराव उभे राहिले, गळा साफ केला आणि माईक नसताना माईकवाल्या आवाजात सुटले.

"मंडळी, घाटाकडं लक्ष द्या! युरोपचा गाडा आला, झूल भारी, बैल दमलेला! अमेरिकेचा गाडा यंदा टोकन घेऊन आलेलाच न्हाई! भिर्रर्रर्र! चीनचा गाडा बघा, आवाज न करता निघालाय! आन् भारताचा बैल? हुबा! जाग्यावर हुबा! 'ज्यांनी घाट उकरला त्यांनी आदी बुजवा,' म्हनतोय! बारीक बेटांचे बैल लई लहान, पर डिरकी बघा, डिरकी!"

मिलिंदचा मोबाईल खिशात गेला. अभ्यासिकेची पोरं दारात गोळा झाली. शेवटच्या 'भिर्रर्र'ला तर रस्त्यावरचा एक टेम्पो थांबला.

दोन मिनिटांत आडतीवरून तात्यांचा फोन. "प्रोफेसर, वाचनालयात बैल घुसलाय का?"

वाटाघाटींची बातमी शर्यतीसारखी सांगायची, याला माझ्या प्रबंधात 'शर्यतीची चौकट' म्हटलं आहे. चौकट माझी होती हे मी आजही सांगतो. बैल तेवढे बबनरावांनी आणले.

*

पण बबनरावांची गाडी दुसऱ्याच दिवशी अडली.

एक छोटा मसुदा रात्रीत मंजूर झाला होता आणि मी त्या एकाच बातमीचे चार देशांतले कागद आणले होते. ते ओळीने पुकारू लागले. लंडनच्या कागदाप्रमाणे युरोपने बाजी मारली. दिल्लीच्या कागदाप्रमाणे भारताची भूमिका जगाने मान्य केली. बीजिंगच्या कागदाप्रमाणे चीनच्या पुढाकारामुळे कोंडी फुटली. आखातातल्या कागदाप्रमाणे समतोल राखला गेला, म्हणजे तेही जिंकले.

बबनराव थांबले. कागद उलटून पाहिले.

"सर, तुमी कागद एकाच घाटाचे आणलेत ना?"

"एकाच. बैठक एक, दिवस एक, मसुदा एक."

"आवो मग एका घाटात चार घाटाचे राजे कसे? आमच्याकडं एका बारीला दोन राजे झाले तर मंडप मोडत्यात! ह्यातला बैल नेमका पळाला कुणाचा?"

मी समजावून सांगू लागलो. प्रत्येक वर्तमानपत्राचा वाचक आपापल्या देशातला, त्यामुळे बातमीचा नायक... तेवढ्यात अनुसयाबाईंनी शेंगा सोलता सोलता निकाल दिला.

"बबनभाऊ, कुणाचाच पळाला न्हाई. समदे आपापल्या दावणीला हायेत. मालक तेवढे वरडत्यात."

*

तात्या आवाज मोजायला म्हणून रोज यायचे. आत येत नसत, बसत तर मुळीच नसत. उभ्यानं ऐकलं की ऐकलं असं होत नाही, असा त्यांचा समज होता.

एकदा मी आमच्याच जिल्ह्यातलं एक वर्तमानपत्र वाचत होतो. पहिल्या पानावर बिबट्या. दुसऱ्यावर बिबट्याने खाल्लेली कालवड. तिसऱ्यावर बिबट्याच्या बंदोबस्ताची बैठक. परिषदेची बातमी आतल्या पानावर होती, मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली, तळहाताएवढी.

"बघा," मिलिंद म्हणाला, "जगाची बैठक पिंजऱ्यात, आणि बिबट्या मोकळा!"

दारातून तात्यांचा आवाज आला. "प्रोफेसर, त्या परिषदेत कांद्याचा विषय निघाला का?"

"नाही, तात्या."

"निर्यातीचा?"

"नाही."

"मग कसली जागतिक?"

त्यांना गप्प करायला मी ब्राझीलचा कागद उचलला. पोर्तुगीज मला येत नाही. मोबाईल भाषांतर करतो आणि मी त्यातली मोडतोड दुरुस्त करतो. त्या कागदात तापमानाचं नाव नव्हतं. बातमी अशी होती की परिषदेच्या गावात पाहुणे इतके आले की खोल्यांचे भाव आभाळाला भिडले, लोक स्वतःची घरं भाड्याने देऊन नातेवाइकांकडे राहायला गेले आणि एका गरीब देशाचे प्रतिनिधी राहायला परवडत नाही म्हणून मोजकेच आले.

तात्यांनी चौकटीला टेकलेला खांदा काढला. "आवक जास्त, खोल्या कमी. भाव चढणारच." मग म्हणाले, "हा पेपर बरा हाय. ह्याला कळतंय."

दुसऱ्या दिवसापासून ते दारात आले की आधी आवाजाबद्दल दोन शब्द बोलायचे आणि मग, जसं काही आत्ताच आठवलं, "ब्राझील काय म्हणतंय?"

*

मिलिंदची नजर धंद्याची. तो मजकूर वाचत नाही, फोटो बघतो.

एक दिवस त्याने सगळ्या देशांची पहिली पानं टेबलावर मांडली. "सर, हे बघा. जर्मनीच्या पेपरात जर्मनीची बाई मोठी, बाकीचे मागं धूसर. आपल्या पेपरात आपले साहेब मोठे, जर्मनीची बाई कापलेली, नुसता खांदा दिसतोय. बेटावाल्यांच्या पेपरात त्यांचा माणूस मोठा. हा बेटावाला बाकी कुणाच्याच पेपरात नाही!"

"बरोबर. याला आम्ही..."

"सर, हे फ्लेक्स आहेत! माझ्याकडे रोज येतात. फोटो कुणाचा केवढा, कुणाचा वर, कुणाचा खाली, यावरून दुकानात भांडणं. काम काय केलं, हे आजपर्यंत एकानंही लिहायला सांगितलं नाही. 'हार्दिक अभिनंदन', बास!"

तो पानं गोळा करून गेला. मला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालो तर एसटी स्टँडसमोर हा मोठा फ्लेक्स! 'जागतिक हवामान परिषद यशस्वीरीत्या पार पडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर पृथ्वीचा गोल, गोलाभोवती झेंडूचा हार. खाली 'शुभेच्छुक: वाचन कट्टा, ओतूर'. आणि त्या खाली गॉगल लावलेल्या बबनरावांच्या शेजारी माझा फोटो, बँकेच्या पासबुकावरचा!

मी धापा टाकत दुकानात पोचलो. "अरे मिलिंद, परिषद चालू आहे अजून! पार कुठे पडलीये?"

"सर, फ्लेक्स आधीच लावायचा असतो," मिलिंद शांतपणे म्हणाला. "पार पडल्यावर कोण बघतं?"

तो उतरवायला दोन दिवस गेले. तोवर मी स्टँडवरून जाणं बंद केलं होतं, तरी एका कंडक्टरने मला गाठलंच. हात हातात घेऊन म्हणाला, "अभिनंदन सर! फ्लेक्स बघितला. मग? कधीपासून थंड व्हणार?"

*

तक्रार करणाऱ्या पोरांत एक प्राजक्ता. परीक्षेची तयारी करणारी, शिस्तीची मुलगी. ती एक दिवस वही घेऊन सरळ आमच्या टेबलाशी आली. मी खुर्चीतून उठायलाच लागलो, म्हटलं आली तक्रार.

"सर, एक विचारू? चालू घडामोडींत ही परिषद येणार. यशस्वी झाली की अयशस्वी?"

मी हळूहळू सुरुवात केली. कोणत्या देशाच्या नजरेतून पाहतो त्यावर ते अवलंबून आहे. बेटांच्या दृष्टीने समुद्राची पातळी हा निकष, तेल विकणाऱ्यांच्या दृष्टीने बाजार हा निकष, वार्ताहराला जागेवर काय दिसलं आणि संपादकाला काय हवं होतं, हाही निकष...

तिने पेन टेकवून ऐकलं. मग म्हणाली, "सर, चार पर्याय असतात. एकच बरोबर असतो. निगेटिव्ह मार्किंग आहे."

 आयुष्यभराचा अभ्यास, आणि समोर चार गोल.

बबनरावांनी मला सोडवलं. "पोरी, शेवटचा पर्याय काय असतो?"

"'वरीलपैकी एकही नाही.'"

"त्याच्यावर टिक मार. जगाचा अनुभव हाय."

ती हसली, पण गेली नाही. म्हणाली, "बेटांचं काय म्हणालात, ते परत सांगा ना."

*

आता जो किस्सा सांगतो तो मी पंगतीत सांगितला नव्हता.

माझी एक जुनी विद्यार्थिनी परदेशी वर्तमानपत्रांसाठी काम करते. तिच्या ओळखीने एक गोरी बातमीदार बाई आणि एक फोटोग्राफर आले. परिषद चालू असताना त्यांच्या पेपरला 'हवामानबदलाचा फटका बसलेलं भारतीय खेडं' हवं होतं. मी उत्साहाने त्यांना फिरवलं. पण नोव्हेंबरातला आमचा जुन्नर तालुका! धरणं भरलेली, टोमॅटो बांबूवर चढलेले, ऊस डोक्याच्या वर. फोटोग्राफर खिडकीतून बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"भेगाळलेली जमीन कुठे आहे?" त्याने विचारलं.

बबनराव गाडीत होतेच. मी भाषांतर केल्यावर म्हणाले, "त्याला म्हनावं उन्हाळ्यात ये. आत्ता भेगा फक्त माझ्या टाचंला हायेत."

मग मागच्या सीटवरून अनुसयाबाई म्हणाल्या, "माझ्या गावाला चला."

वर गेलो. त्यांच्या भावाच्या खाचरात कापलेलं भात पसरलेलं होतं. यंदा पाऊस सरायच्या वेळी सरला नाही. कापणीनंतर भात आडवं पडलेलं असताना दिवसचे दिवस पडत राहिला आणि लोंबीतल्या दाण्यांना तिथल्या तिथे मोड आले. सगळं खाचर हिरवंगार दिसत होतं, एखाद्या गालिच्यासारखं. फोटोग्राफर खूश झाला. अनुसयाबाईंना मधोमध उभं केलं. त्या त्याला सांगत होत्या आणि मी इंग्रजीत सांगत होतो की हे हिरवं म्हणजे गेलेलं पीक आहे. बातमीदार बाईने सगळं लिहून घेतलं. तिला समजलं होतं, याची मला खात्री आहे.

आठवड्याने तिने पान पाठवलं. तिची बातमी कापून चार ओळींवर आणली होती. वर अर्धं पान अनुसयाबाईंचा फोटो, हिरव्या खाचरात उभ्या. खाली ओळ, तिचा अर्थ असा की परिषदेत चर्चा अडली असली तरी भारताच्या डोंगरात हिरवी आशा उगवते आहे.

मला वाचवेना. त्यांच्या भावाचं वर्षाचं धान्य, आणि मी त्यांना तिथे घेऊन गेलो होतो. तरी वाचलं, कारण त्यांनी "काय लिवलंय?" असं विचारलं आणि त्यांना खोटं सांगायची माझी हिंमत नाही.

 

अनुसयाबाईंनी पान डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"सर, त्यांना एक लिवा. म्हनावं, ह्या हिरव्याचा भात व्हत न्हाई." मग पान आणखी जवळ नेलं. "फोटू मातर चांगला आलाय. पदर नीट बसलाय. मिलिंद, ह्याची एक मोठी कॉपी काढून दे. आन् खालची ती वळ काप."

मी लिहिलं. उत्तर आलं नाही. फोटो त्यांच्या घरी लावलेला आहे, ओळ कापून.

*

परिषद संपायचा दिवस उलटला आणि परिषद संपली नाही!

मला आणखी एक सकाळ मिळाली. तात्या मात्र भडकले. "शेवटचा दिवस म्हणाले ना काल? मग संपत का नाय?"

"एकमत झालेलं नाही, तात्या. दरवर्षीच लांबते."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तुमी तर नाय ना सांगितलं त्यांना लांबवायला?"

त्या सकाळी मी कट्ट्याला तिथली एक जुनी रीत सांगितली. करार ठरलेल्या मुदतीत व्हायला हवा आणि मुदत तर संपत आलेली, अशा वेळी वाटाघाटी करणारे लोक घड्याळ थांबवतात. घड्याळ थांबलं म्हणजे मुदत संपलेली नाही. बाहेर उजाडलं तरी आत काल चालू असतो.

"ह्याला रडीचा डाव म्हनत्यात!" बबनराव उसळले. "आमच्या घाटात कुणी घड्याळाला हात लावला तर पंच चालत घरी जात न्हाई राव, उचलून न्यावा लागतो!"

मग मी ही लांबण कोणी कशी छापली ते वाचलं. जर्मनीच्या कागदात खुर्च्यांवर झोपलेल्या प्रतिनिधींचे फोटो, कौतुकाने. लंडनच्या कागदात हाच फोटो, टिंगलीने. आखाताच्या कागदात लांबणीचा उल्लेखच नाही. आणि बेटावरच्या कागदात एक छोटी बातमी की त्यांच्या प्रतिनिधीचं परतीचं विमान ठरलेलं होतं, ते चुकलं तर पुढचं कधी याचा पत्ता नव्हता, म्हणून शेवटचा निर्णय होण्याआधीच त्याला सभागृह सोडावं लागलं.

"म्हणजे ज्याचं घर बुडतंय, तोच हजर नाही?" मिलिंदने विचारलं.

"नाही."

अनुसयाबाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या माठावरच्या भिंतीकडे पाहत होत्या. तिथे आमचं वाचनालयाचं घड्याळ आहे, सेलवर चालणारं, हाताला येईल एवढ्या उंचीवर.

"सर, घड्याळ थांबवलं का टाइम संपत न्हाई?"

"त्यांच्या कागदोपत्री नाही संपत."

"समद्यांना ठावं असतं, आन् तरी चालतं?"

"सगळ्यांनी चालवून घेतलं तर चालतं."

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलू लागल्या.

*

शेवटी परिषद एकदाची संपली. सोमवारी मी सगळ्या देशांचे शेवटचे कागद घेऊन वाचनालयात गेलो. तात्या दारात होते, हातात हॉलचं नवीन कुलूप.

"प्रोफेसर, ठरल्याप्रमाणं. बारापर्यंत वाचा. बाराला हॉल पोरांचा."

"हो तात्या. ठरल्याप्रमाणे."

मी मोठ्याने वाचायला लागलो. लंडनच्या म्हणण्याप्रमाणे परिषद थोडक्यात हुकली. दिल्लीच्या म्हणण्याप्रमाणे भारताने ठणकावलं. बीजिंगच्या म्हणण्याप्रमाणे सहकार्याचा विजय झाला. अमेरिकेतल्या कागदात आपण गेलो नाही ते बरं की वाईट, यावरच सगळा वाद, परिषद तिसऱ्या परिच्छेदात. बबनराव प्रत्येक कागदाला हळूच "भिर्रर्र" म्हणत होते, पण आज त्यात जोर नव्हता. प्राजक्ता आणि अभ्यासिकेची दोघंतिघं पोरं मागच्या बाकावर येऊन बसली होती. हॉल ताब्यात घ्यायला आली असावीत, असं मला वाटलं. पण त्यांच्या मांडीवर वह्या उघडलेल्या होत्या.

अनुसयाबाई मधेच पाणी प्यायला उठल्या. माठाचं झाकण वाजलं. परत येऊन बसल्या.

आखाताचा कागद वाचला. मग बेटाचा. त्यांनी परिषदेचा फोटो छापलाच नव्हता. एका शाळेचा छापला होता, आणि समुद्र तिच्या पायरीपर्यंत आलेला होता. मिलिंदने तो कागद हातात घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा उभा धरला. बराच वेळ धरला. प्राजक्ताने पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

तेवढ्यात समोरच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली. ती बाराला होते, हे अख्ख्या ओतूरला माहीत आहे. पोरांचा गलका रस्त्यावर आला.

मी कागद आवरू लागलो.  आवरता आवरता माठाकडे नजर गेली. घड्याळात बाराला पाच मिनिटं कमी होती. सेकंदाचा काटा हलत नव्हता.

मी बबनरावांकडे पाहिलं. घाटातला हा कडक माणूस छताकडे बघत होता. मिलिंद टेबलाकडे. अनुसयाबाईंची उजवी मूठ मांडीवर घट्ट मिटलेली, आणि चेहरा असा की जणू अंगणवाडीत पर्यवेक्षक बाई आल्यात.

तात्या दारातून आत आले. पहिल्यांदाच आत आले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. खिडकीतून रस्त्यावर डबे खाणाऱ्या पोरांकडे पाहिलं. मग अनुसयाबाईंच्या मुठीकडे.



तात्यांनी कुलूप टेबलावर ठेवलं, एक खुर्ची ओढली आणि बसले.

"अजून पाच मिनिटं हायेत," ते म्हणाले. "ब्राझीलचं ऱ्हायलंय. वाचा."